वर्गणीच्या पैशांतून आणलेली बुरशीची लेन्स

आमच्या चर्चमधल्या रविवारच्या उपासनेचं थेट प्रक्षेपण मी सांभाळतो. अंथरुणाला खिळलेली, वयामुळे घराबाहेर पडू न शकणारी माणसं ते बघतात. कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 मिलिमीटरची, कमी झूमची लेन्स होती, पण मागच्या भिंतीपासून पाळकसाहेब बोटाएवढे दिसायचे. म्हणून मंडळींनी वर्गणी काढली आणि लेन्स आणायचं काम माझ्यावर सोपवलं. ते पैसे माझे नव्हते, हे मला अजून टोचतं.

दूरचं जवळ आणणारी नवी 70-200 एफ/2.8 लेन्स आवाक्याबाहेर होती (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समध्ये उजेड जास्त). वापरलेल्या वस्तूंच्या साइटवर तीच निम्म्याहून कमी किमतीत दिसली. ‘एकहाती वापर, कधी उघडलेली नाही, काच स्वच्छ.’ विकणाऱ्याने समोरच्या काचेचे फोटो आणि ‘याच लेन्सने काढलेले’ चार नमुने मेसेजवर पाठवले. मेसेजिंग अ‍ॅपमधून फोटो आला की लेन्स आणि फोकल लेंग्थची (लेन्स किती जवळ आणते त्या मिलिमीटरमधल्या आकड्याची) माहिती बहुतेक वेळा त्यातून निघून जाते. मूळ फाइल मागायला हवी होती. मी मागितली नाही.

मग तो म्हणाला, साइटचं कमिशन वाचवू, पैसे थेट खात्यावर पाठवा, तेवढी सूट देतो. चर्चसाठी घेताय म्हणून आणखी थोडी कमी करतो. चर्चचं नाव निघालं आणि माझी शंका तिथेच विरली. साइटवरून व्यवहार केला असता, तर निदान तक्रार करायला जागा राहिली असती.

लेन्स आली. दिवसा बाहेर काढलेले फोटो चांगले वाटले. रविवारी मात्र प्रत्येक मेणबत्तीभोवती दुधाळ वलय, खिडकीच्या उजेडासमोर सगळं फिकट, काळा झगा राखाडी. पुढची काच पुसून काही फरक पडेना. रात्री लेन्स काढून, अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून, मागून तिरका टॉर्च मारला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले होते. बुरशी.

दुरुस्ती करणाऱ्याने माउंटजवळचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते तिथले, स्क्रू दाखवले. त्यांच्या खाचा आधीच झिजलेल्या होत्या. लेन्स पूर्वी उघडून साफ केलेली होती, बुरशीने काचेवरचा लेप खाल्लेला होता आणि तो लेप साफसफाईने परत येत नाही. म्हणजे ‘कधी उघडलेली नाही’ हे सरळ खोटं होतं. मी फोन केला तेव्हा विकणारा ‘बघतो’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने मला ब्लॉक केलं.

घेण्याआधी व्हिडिओ कॉलवर टॉर्चची हीच तपासणी करून मागा. पुढून आणि मागून, दोन्हीकडून. कॅमेऱ्यावर लावून एफ/2.8 वर आणि मग एफ/8 वर फोटो काढायला लावा, कारण अ‍ॅपर्चरची केबल तुटत आली असेल तर पूर्ण उघडी लेन्स ठीक चालते आणि अ‍ॅपर्चर लहान केलं की एरर येते. विकणारा टाळाटाळ करत असेल तर पुढे बोलूच नका.

शिवाय आम्हाला ती लेन्स लागतच नव्हती, हे नंतर हिशेब केल्यावर कळलं. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, एपीएस-सी आकाराचा, सुमारे 23.5 मिलिमीटर रुंद. कॅमेरा वेदीपासून 15 मीटरवर, चौकटीत हवी 4 मीटर रुंदी. 15 ला 23.5 ने गुणून 4 ने भागलं की 88 येतात, म्हणजे 85 मिलिमीटरची साधी, झूम नसलेली लेन्स पुरते. 85 एफ/1.8 मोठ्या झूमपेक्षा बरीच स्वस्त असते. स्वस्त टेलिझूम लांबच्या टोकाला एफ/5.6 वर जाते, तिच्या मानाने ही जवळपास दहापट उजेड घेते. व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर साधारण 1/50 सेकंदावर बांधलेलं असतं, त्यामुळे कमी उजेडाची भरपाई आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवूनच करावी लागते आणि चित्रात दाणे उठतात. झूम गेला, पण वेदी आणि पुलपिट दोन्ही चौकटीत बसतात. आम्हाला एवढंच हवं होतं.

ही दुसरी लेन्स मी स्वतः जाऊन, टॉर्च लावून घेतली, माझ्या पैशांनी. जुनी विकून टाक, असं काहींनी सुचवलं. ती मी विकणार नाही. तिच्या आतल्या जाळ्याचा फोटो काढून ठेवलाय, आणि कुणी वापरलेली लेन्स घेतोय असं कळलं की आधी तो पाठवतो.