पालकांचा वर्ग की घरभेट? लॅटिनो घरातल्या लहानग्याच्या भाषेसाठी काय निवडावं

माझ्यासारखी लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या आणि बहुधा स्पॅनिश बोलणाऱ्या, घरात सोयरीक झालेली मराठी मंडळी अमेरिकेत भेटली, की मूल बोलू लागायच्या सुमारास हा प्रश्न निघतोच: मुलाची भाषा फुलावी म्हणून पालकांनी वर्गाला जाऊन शिकावं, की घरी येऊन मुलाबरोबर करून दाखवणाऱ्या बाईंना बोलवावं? आम्ही दोन्ही करून पाहिलं. मुलाशी स्पॅनिशमध्येच भरपूर बोला, हे दोन्हीकडे सांगतात, त्यामुळे तो मुद्दा सोडून देतो.

वर्गांमध्ये ‘अब्रिएंदो पुएर्तास’ हे नाव मोठं. लॉस एंजेलिसमधून २००७ मध्ये सुरू झालेला, १० सत्रांचा. त्यात स्पॅनिश म्हणी येतात, हाऊजीसारखा पण चित्रांचा लोतेरिया येतो, आणि व्याख्यान देण्याऐवजी पालकांनाच बोलतं केलं जातं. अशा वर्गात माझ्या बायकोला मैत्रिणी मिळाल्या. परक्या शहरात एकट्या पडलेल्या आईला याहून चांगलं काही मिळेल असं वाटत नाही.

आमचं घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. वर्गाला जायचो आम्ही दोघं, आणि मुलगी दिवसभर सासूबाईंपाशी. शिकलेलं त्यांच्यापर्यंत पोचवायचं कसं? बायको म्हणायची, “आई, तिनं बोट दाखवलं की लगेच देऊ नकोस, नाव घेऊन विचार.” सासूबाई गप्प व्हायच्या. पाच मुलं वाढवलेल्या बाईला पोटच्या लेकीनं मुलांशी बोलायला शिकवायचं! राग त्या दाखवत नसत, पण दुखावल्याचं कळायचं. वर्गातून आणलेला कागद फ्रिजवर नुसताच चिकटून राहिला.

घरभेटीचा जुना नमुना म्हणजे ‘पेरेंट-चाइल्ड प्लस’. फिलिस लेव्हेन्स्टाइन यांनी १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर त्याची सुरुवात केली. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, अशी दोन वर्षं. आणलेलं पुस्तक किंवा खेळणं घरातच ठेवून जातात. घरी येणाऱ्या बाईनं उपदेश करायचा नाही, मुलाबरोबर करून दाखवायचं, आणि मूल जो सांभाळतो त्याला सोबत घ्यायचं, मग ती आजी का असेना. आमच्याकडे याच पद्धतीनं येणाऱ्या बाई मुलीशेजारी जमिनीवर बसून स्पॅनिश पुस्तक उघडायच्या. सासूबाई आधी स्वयंपाकघरातूनच बघत. मग जवळ येऊन बसू लागल्या. कुणी शिकवायला आलंय असं त्यांना वाटलंच नाही. आता पुस्तकातली कोंबडी निघाली की त्या आपल्या गावच्या कोंबड्यांवर येतात, आणि नात मध्येच प्रश्न विचारते. रात्री तेच पुस्तक मी तिला मराठीत सांगतो.

घरभेटीला अडचणी आहेतच. उत्पन्नाची अट असू शकते, जागा मोजक्या असतात, परकं माणूस आठवड्यातून दोनदा घरात येणं सगळ्यांना रुचत नाही. आई किंवा बाबा दिवसभर मुलाजवळ असतील, तर वर्ग बहुधा पुरेल. मूल आजीच्या हाताखाली वाढत असेल, तर मी आधी घरभेटीच्या यादीत नाव घालीन आणि नंबर लागेपर्यंत वर्ग करीन.