पोकळ नळ्यांचे लॉन एरेटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात मागवलेले हे हाताने चालवायचे लॉन एरेटर, म्हणजे घट्ट झालेल्या हिरवळीच्या जमिनीला हवा-पाणी मिळावे म्हणून भोके पाडणारे यंत्र, आता आठ महिने वापरून झाले आहे. त्यामुळे हिरवळ सुधारली का, याचे माझे उत्तर 'हो' असे आहे. मात्र त्यात यंत्राचा वाटा किती आणि वाफशाचा, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशा बेताच्या ओलीचा, किती, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर अपुरे राहील. कंबरेपर्यंत येणारी लोखंडी दांडी, खाली पाय देण्यासाठी आडवी पट्टी आणि त्या पट्टीला सहा इंचांच्या अंतरावर जोडलेल्या दोन पोकळ नळ्या, एवढीच याची रचना आहे. पट्टीवर पाय देऊन भार टाकला की नळ्या तीन इंच आत जातात, आणि पुढच्या वेळी दाबताना आधीची माती बोटाएवढ्या कांडीच्या रूपात नळीच्या वरच्या तोंडातून बाहेर पडते. किंमत साडेतीन हजारांच्या आत होती.

आमचे घर बेळगावच्या दक्षिण भागात, अनगोळच्या बाजूला आहे. इथली मूळ जमीन शहापूर, वडगाव, यळ्ळूरच्या शिवारासारखी भाताची, काळी आणि चिकट. घर बांधून झाल्यावर ठेकेदाराने तिच्यावर तांबड्या मातीचा थर पसरला आणि त्यावरून लॉऱ्या, विटा, वाळू यांची वर्दळ महिनाभर चालूच राहिली. त्यावर लावलेली आमची हिरवळ 20 फूट बाय 30 फूट आहे. उन्हातल्या भागात बारीक पानाची हरळी, तर आंब्याच्या सावलीत मेक्सिकन ग्रास आहे. दोन वर्षांत फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाटेला टक्कल पडले, आणि उरलेल्या भागावर पाइपने पाणी सोडले की ते मुरण्याऐवजी गटाराकडे वाहू लागले. उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी रोज वर्तमानपत्रात वाचणाऱ्या गावात असे वाहून जाणारे पाणी पाहवत नाही.

याआधी मी चपलेखाली बांधायच्या खिळ्यांच्या पट्ट्या घेतल्या होत्या, त्यांचा उल्लेख केवळ सावधगिरीपुरता करतो. खिळा माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबतो. त्यामुळे भोकाभोवतालची माती आणखी घट्ट होते. शिवाय त्या घालून चालताना शेजाऱ्यांची करमणूक झाली ती वेगळीच. पोकळ नळी माती उचलून बाहेर टाकते, म्हणून आजूबाजूच्या मातीला सैल व्हायला खरोखर जागा मिळते. खर्च करायचाच असेल तर याच फरकासाठी करावा.

यंत्र आले त्याच संध्याकाळी, भर उन्हाळ्यातल्या कोरड्या जमिनीवर मी ते चालवून पाहिले. अंगाचा सगळा भार टाकूनही नळी इंचभरापलीकडे गेली नाही आणि पट्टी थोडी वाकली. यळ्ळूरला भातशेती करणारे आमचे मामा त्या दिवशी घरी आले होते. ते पाहून म्हणाले, ''असल्या जमिनीत कोण औत घालतंय काय? वळीव पडू दे, वाफसा येऊ दे, मग बघ.'' यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात दोन पानांत जे नीट सांगितलेले नव्हते, ते या एका वाक्यात आले.

वळवाचा चांगला पाऊस झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी मूठभर माती घेऊन दाबली. तिचा गोळा झाला आणि खाली टाकताच तो फुटला. त्या दिवशी नळ्या सरळ तीन इंच आत गेल्या. सहा-सहा इंचांवर भोके धरली तर 600 चौरस फुटांना सुमारे 2400 भोके लागतात, म्हणजे 1200 वेळा पाय द्यावा लागतो. मला दोन संध्याकाळी लागल्या. भोके याच्या निम्म्या अंतरावर असणे अधिक चांगले, परंतु मग काम चौपट होते. म्हणून मी फक्त टकलाच्या वाटेवरून दुसऱ्यांदा, आधीच्या ओळींच्या मधून फिरलो.

बाहेर पडलेल्या कांड्यांनी मला जे दाखवले, त्याची अपेक्षा नव्हती. प्रत्येक कांडीत वरची दोन बोटे तांबडी माती आणि खाली काळी, असा स्पष्ट जोड होता, आणि मुळे बरोबर त्या जोडावर येऊन आडवी वळली होती. दोन वेगळ्या पोतांच्या थरांमध्ये पाणीही तिथेच अडकते. आजवर मी खत कमी पडते असे समजून युरिया टाकत होतो. अडचण दोन इंच खाली होती. कांड्या उचलून फेकू नयेत, वाळल्यावर त्या दाताळ्याने फोडून तिथेच पसरवाव्यात. आमच्याकडे दोन-तीन पावसांत त्या विरघळून गेल्या. भोकांत मी चाळलेले कुजके शेणखत आणि थोडी तांबडी माती झाडूने लोटली. वाळू टाळली, कारण काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळून ती भुसभुशीत होत नाही.

परिणाम डोळ्यांनी ठरवू नये म्हणून मी तळ काढलेला पत्र्याचा डबा जमिनीत दोन इंच ठोकून त्यात तांब्याभर पाणी ओतून पाहिले. मेमध्ये कोरड्या वाटेवर ते मुरायला 40 मिनिटे लागली होती. सप्टेंबरमध्ये, जमीन आधीच ओली असूनही, त्याच जागी 15 मिनिटे लागली. हरळीच्या भागातली भोके पंधरवड्यात दिसेनाशी झाली आणि श्रावणापर्यंत वाटेवरचे टक्कल अर्धे भरले. मेक्सिकनचा भाग मात्र सव्वा महिना ठिपक्याठिपक्यांचाच होता. ते गवत मुळात सावकाश वाढते आणि सावलीत तर त्याहूनही सावकाश.

जुलैच्या झडीत एकदा मोह झाला. बेळगावचा जुलै म्हणजे आठवडाभर ऊन न पाहणारा महिना. तेव्हा यंत्र चालवले असता नळ्या लोण्यासारख्या आत गेल्या, पण भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत झाल्या, कांडी नळीत अडकून बसली, आणि जेवढी माती सैल झाली त्याहून जास्त माझ्या पावलांनी तुडवली गेली. दर चार-पाच दाबांनंतर स्क्रू ड्रायव्हरने नळी मोकळी करत बसण्यापेक्षा काम थांबवणे शहाणपणाचे होते. दुसरा खरा हात फिरला तो उत्तरा नक्षत्रातल्या उघडिपीत. त्या वेळी काही कांड्यांत गवताची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या सापडल्या, तेव्हा कोपऱ्यातले गवत पिवळे का पडत होते तेही कळले. एक तोटाही सांगतो: मोकळ्या भोकांच्या आसपास लव्हाळा हे तण जोमाने उठले. ते आधी गाठीसकट खणून काढले असते तर बरे झाले असते.

यंत्राविषयी तक्रारी दोन. ऑक्टोबरमध्ये एका नळीच्या जोडाला चीर गेली. सुट्या नळ्या मिळत नाहीत, असे विक्रेत्याने कळवले, आणि परताव्याची मुदत तर केव्हाच संपली होती. शेवटी उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यात तो जोड वेल्डिंग करून घेतला, पट्टीखाली जाड लोखंडाची आडपट्टीही बसवून घेतली, आणि आता ते मूळच्यापेक्षा मजबूत झाले आहे. दुसरी तक्रार मुठीची आहे. दांडीवरचे रबर पहिल्याच महिन्यात फिरू लागले. मी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे.

ज्यांची हिरवळ 1500 चौरस फुटांपेक्षा मोठी आहे किंवा ज्यांच्या गुडघ्याला त्रास आहे, त्यांनी हे घेऊ नये; तेवढ्या कामाला माळी लावावा किंवा इंजिनावरचे यंत्र भाड्याने मिळते का ते पाहावे. जिथे फवाऱ्यांचे पाइप उथळ पुरलेले आहेत तिथे आधी खुणेच्या काठ्या रोवाव्यात. माझा एक पाइप फुटला. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गवताची वाढ मंदावते आणि भोके भरून येत नाहीत, म्हणून सध्या नळ्या पुसून, तेल लावून ते पडवीत टांगले आहे. आंब्याखालचा मेक्सिकनचा तुकडा या वेळी मृगाचा पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत मी हात न लावता ठेवणार आहे.