कोकण पासिंगची जुनी गाडी: इंजिनाआधी पत्रा बघा

सांगली-मिरज रस्त्यावर किंवा कराडला हायवेकडेच्या ऑटो कन्सल्टंटकडे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एक एमएच-१० (सांगली) किंवा एमएच-५० (कराड), दुसरी एमएच-०८ (रत्नागिरी) नाहीतर एमएच-०७ (सिंधुदुर्ग). दुसरीचा भाव कमी सांगतात, रनिंगही बऱ्याचदा कमी असतं. अशी कोकण पासिंगची गाडी सातारा-सांगलीच्या गिऱ्हाइकानं घ्यावी का? आमचं मत असं की ती नुसत्या नंबरावरून नाकारू नये, पण रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय टोकनही देऊ नये. क्लच, टायर, बॅटरी, अगदी इंजिनसुद्धा पैसे टाकून नवं होतं. सांगाडा सडला की मात्र गाडी संपली.

मीठ पत्र्याला दोन प्रकारांनी खातं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि समुद्री मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओला राहतो. म्हणजे पाऊस नसतानाही पत्र्यावर पाण्याचा पातळ थर टिकतो, आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेत असल्यानं गंजण्याची क्रिया साध्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगानं चालते. गाडी घाट चढून वर आली म्हणून हे थांबत नाही. जोडांच्या घड्यांत बसलेलं मीठ तिथंच असतं, जूनमध्ये हवा दमट झाली की काम पुन्हा सुरू. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत वेग कमी पडतो, पाटण-महाबळेश्वरकडे पावसाळ्यात तो फारसा कमी होत नाही.

बरेच जण अमेरिका-कॅनडातले गंज तपासायचे व्हिडिओ बघून येतात. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावरच मीठ टाकतात. ते चाकांनी उडून खालून लागतं, म्हणून तिथले जाणकार फ्लोअर, ब्रेक पाइप आणि चॅसीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) सगळा भर देतात. आपल्याकडच्या किनारी गाडीला मीठ हवेतून, म्हणजे वरूनही लागतं. त्यामुळे छताच्या कडेची पन्हळ, समोरच्या काचेखालचा भाग, बॉनेटचे बिजागर, एसीचा कंडेन्सर आणि वायरिंगचे कनेक्टर हेही तितक्याच बारकाईनं बघावे लागतात. गुहागर, हर्णै, मालवणकडे ओल्या वाळूवर फिरलेली गाडी असेल तर वरून आणि खालून दोन्हीकडून मार.

आणि एमएच-०८ म्हणजे सगळं एक नव्हे. हवेतलं मीठ किनाऱ्यापासून आत जाऊ तसं झपाट्यानं कमी होतं. रत्नागिरी शहर, दाभोळ, जयगड इथली गाडी वेगळी आणि लांजा, देवरुख, खेडची वेगळी. आतल्या तालुक्यांत पाऊस प्रचंड, पण मीठ थोडं. चिपळूणच्या गाडीला मिठापेक्षा पुराचा प्रश्न मोठा, कारण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं होतं. हाच संशय आपल्या एमएच-१० गाडीबद्दलही धरावा, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आलेला पूर कुणी विसरलेलं नाही. नंबर जिथं पहिली नोंदणी झाली तिथला असतो, गाडी वापरली कुठं ते तो सांगत नाही. त्यासाठी सर्व्हिस बुकातले शिक्के, जुन्या विमा पॉलिसीवरचा पत्ता आणि पीयूसी केंद्राचं गाव बघा. मुंबईच्या किनारपट्टीवर उघड्यावर उभी राहिलेली एमएच-०२ गाडीही याच पंगतीतली.

तपासणीसाठी रॅम्प असलेलं वॉशिंग सेंटर पुरतं. खालून साध्या पाण्यानं चिखल काढून घ्या आणि वाळू द्या. सोबत चांगला टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर गेला की पुन्हा रंगवलंय आणि ५००-१००० च्या घरात गेला की खाली पुट्टी आहे असं समजा.

सगळ्यात जास्त वेळ सिलवर घालवा. सिल म्हणजे दार उघडल्यावर पायाखाली येणारी पोकळ पट्टी, मोनोकॉक (बॉडी हाच सांगाडा असलेल्या) गाडीचा कणाच तो. स्विफ्ट, वॅगन आर, आय-१० अशा गाड्यांना वेगळी चॅसी नसते, बराचसा भार याच पट्ट्यांवर असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पुढून मागे टोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला बद्द वाजतो. तिथं चुंबक धरा, निसटलं तर शंका राहत नाही. मग दाराचं रबर बीडिंग थोडं ओढून खालची कड बघा. कारखान्यातले स्पॉट वेल्डचे (ठिपक्या-ठिपक्यांनी केलेल्या जोडाचे) गोल खळगे सारख्या अंतरावर दिसायला हवेत. ते नसतील, कड गुळगुळीत असेल किंवा वेल्डिंगची सलग रेघ दिसत असेल तर तो भाग कापून बदललाय. शेवटी जॅक लावायची जागा. तिथली कड दबून रंग उडतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. जॅकवर उचलताना पत्रा चरचरला किंवा आत गेला, तर तपासणी तिथंच थांबवा आणि गाडी सोडा. भाव कितीही पाडून दिला तरी.

दारांच्या खालच्या घडीवरून बोट फिरवा. फुगे लागले तर पाणी बाहेर जायची भोकं मातीनं बुजली आहेत आणि आतून गंज आलाय. मागच्या चाकाच्या कमानीची आतली कडही अशीच चाचपा. इथं एक फरक कामाचा आहे: पुढचे फेंडर बोल्टवर असतात, सडले तर काढून दुसरे बसतात. मागचा पत्रा वेल्डिंगनं जोडलेला असतो, तिथं डेंटरचं काम वाढतं आणि नीट जमतंच असं नाही. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनी बाहेर काढा. त्या खळग्यात पाणी, सोललेला रंग किंवा पूर्ण गंजलेला जॅक दिसला तर मागचं रबर गळतंय.

बॉनेटखाली शॉकअपची वरची बैठक आधी बघा. तिच्या जोडांवरचं सीलर (फटी बुजवणारा लेप) फुटून तपकिरी ओघळ आले असतील, तर तोही नकार देण्याजोगा दोष. बॅटरीचा ट्रे गंजलेला असणं मात्र ॲसिडमुळेही होतं, त्याला घाबरू नका. कंडेन्सरच्या ॲल्युमिनियम जाळीला बोट लावल्यावर पांढरी भुकटी पडली, तर एसीचा खर्च धरून चाला. बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथं जोडली आहे तो बोल्ट आणि हिरवे पडलेले कनेक्टर बघा. दिवे मंद होणं, एबीएसचा दिवा मध्येच लागणं अशा तक्रारी मेकॅनिक सेन्सरवर ढकलतो, मूळ पुष्कळदा इथं असतं.

ब्रेक पाइप हा जिवाचा प्रश्न. फ्लोअरखालून मागे जाणारा लोखंडी पाइप क्लिपांत बसतो, त्या क्लिपांत ओली माती अडकते आणि पाइप नेमका तिथंच बारीक होतो. फडक्यानं पुसा, नखानं खरवडा. नुसता रंग बदललेला असेल तर चालेल, खपल्या निघाल्या तर पाइप बदलायचाच. इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर धरा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर कुठंतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबानं ब्रेक ऑइल पुढं ढकलणारा भाग) गेलाय. सडलेला तुकडा कापून मध्ये जोड देणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा आणि पूर्ण लांबीचा पाइप दोन्ही टोकांना नीट फ्लेअर करून (टोक पसरवून) घ्या. सायलेन्सरवरचा लाल थर मात्र सगळ्याच गाड्यांना असतो, त्यावरून घासाघीस करू नका.

खालून सगळं कुळकुळीत काळं, ताजं डांबरी कोटिंग केलेलं दिसलं तर तो गाडीचा गुण समजू नका. विकायच्या आधी मारलेलं कोटिंग खालचा गंज झाकतं आणि मीठ-पाणी आत कोंडून ठेवतं. सिल आणि जोडांवरचं थोडं खरवडू देत असतील तरच पुढं बोला.

मासळीच्या पिकअपबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ऊस-द्राक्ष-भाजीच्या वाहतुकीसाठी इकडे त्यांना मागणी असते. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावर चाललेल्या पिकअपच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी रोज थेट चॅसीवर गळतं. हौदा नवा बांधला असला तरी खालची चॅसी तीच. बोलेरो पिकअप, टाटा एस अशा गाड्यांत स्प्रिंगच्या ब्रॅकेटचे रिव्हेट, स्टेपनी टांगायच्या जागेजवळचा भाग आणि आडव्या पट्ट्यांचे जोड खरवडून बघा. पापुद्रे निघत असतील किंवा चॅसीवर पट्टी वेल्ड केलेली असेल तर घेऊ नका. चॅसीवर कोरलेला नंबर स्पष्ट वाचता येतोय का तेही बघा. गंजानं तो खाल्ला असेल तर आरटीओत पुढची प्रत्येक तपासणी डोकेदुखी होते. मासळीवर चाललेली पिकअप आहे असं कळलं तर आमचा सरळ नकार आहे.

पूर ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर मातीची रेघ दिसली, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले दिसले, पायाखालच्या कार्पेटचा फोम ओला किंवा कुबट लागला की समजून जा.

वर सांगितलेल्या नकाराच्या जागा ठीक असतील आणि दोष फेंडर, लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा), ब्रेक पाइप, कंडेन्सर इथंच असतील, तर गाडी घ्यायला हरकत नाही. पण कन्सल्टंट सांगेल त्या सुटीवर जाऊ नका. आपल्या डेंटर-मेकॅनिककडून कामाची यादी लेखी घ्या आणि ती रक्कम भावातून वजा करा. लांजा-देवरुखकडची, पुरात न सापडलेली, शेडमध्ये राहिलेली गाडी अशा हिशेबात खरोखर चांगला सौदा ठरते. व्यवहार ठरला की मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर त्याची नोंद काढायचा फॉर्म ३५, आणि थकीत ई-चलन आधीच भरून घेणं.

घेतल्यावर पहिलं काम मीठ धुणं. कमी दाबाच्या गोड्या पाण्यानं खालून, कमानीतून, सिलच्या भोकांतून भरपूर धुवा. जोरदार प्रेशर मारलं तर मीठ घड्यांत आणखी आत जातं. मिरज-वाळव्याच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं पाणी यासाठी वापरू नका. मग दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, एप्रिल-मे त्याला उत्तम. सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढून रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाला निष्क्रिय करणारं रसायन), त्यावर झिंक प्रायमर, जोडांवर सीलर, आणि सिल-दारांच्या पोकळीत मेणाचं कोटिंग. पाणी जायची भोकं उघडीच राहिली पाहिजेत. ब्रेक डिस्क आणि सायलेन्सर झाकूनच फवारणी करा. जळकं ऑइल मारायची पद्धत गावोगावी आहे, त्यानं गंज थोडा रोखला जातोही, पण रबरी बुश फुगतात, ब्रेकवर थेंब पडतात आणि जमीन खराब होते, म्हणून ते टाळा. पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमारास पुन्हा रॅम्पवर घेऊन याच जागा बघा. मेण जिथं उडालं असेल तेवढ्याच ठिकाणी ब्रशनं हात मारायचा, पूर्ण फवारणी दर वर्षी लागत नाही.