सायकलची जुनी पोलादी फ्रेम घ्यावी का? रंग सोडा, सीटचा दांडा हलवून बघा

रंग उडालेली, वरून तांबूस पडलेली पोलादी फ्रेम बहुतेक वेळा वाचते. नव्याने रंगवलेली चकचकीत फ्रेम मात्र आतून कुजलेली असू शकते. म्हणून पारख सीटच्या दांड्यापासून सुरू करावी.

क्लॅम्प सैल करून दांडा फिरतो का बघा. ॲल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षे ओलाव्यात राहिला की ॲल्युमिनियम गंजतं, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि दांडा पाचर ठोकल्यासारखा बसतो. गंज सोडवणारं तेल दोन-तीन दिवस मुरू द्या, मग जुनी सीट लावून दोन्ही हातांनी पिळा. तरीही हलला नाही तर दांडा आतून करवतीने उभा चिरणं किंवा कॉस्टिक सोड्यात विरघळवणं एवढंच उरतं. सोड्याने कातडी भाजते आणि त्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावं. साध्या फ्रेमसाठी एवढा खटाटोप करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दांडा निघाला की व्हर्नियरने व्यास मोजा. बाहेरून 28.6 मिमीच्या सीट ट्यूबमध्ये 27.2 मिमीचा दांडा बसत असेल, तर नळी पातळ आणि बहुधा चांगल्या पोलादाची आहे. 25.4 मिमी म्हणजे जाड, जड नळी.

मग फ्रेम उलटी करा. वरून शिरलेलं पाणी बीबी शेलमध्ये, म्हणजे पेडलांचा आस बसतो त्या आडव्या नळीत साचतं, म्हणून तिच्या दोन्ही तोंडांचे आटेदार बेअरिंग-कप काढून आत टॉर्च मारा. नळ्यांच्या तोंडाशी टोच्याने दाबा. वरवरचा गंज खरवडून निघतो. टोच्या आत घुसला तर फ्रेम भंगारात. कप काढताना घाई नको. इंग्लिश आट्यांचा उजवा कप घड्याळाच्या दिशेने सुटतो, इटालियन उलट. इटालियन शेल 70 मिमी रुंद असते, इंग्लिश सहसा 68. जुनी फ्रेंचही 68 च असते, पण तिचे आटे वेगळे आणि कप मिळणं अवघड.

हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाशी बोट फिरवा. आडवी सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर फ्रेमने समोरून धडक खाल्ली आहे. ती नळी बदलायचा खर्च फक्त उंची फ्रेमवरच करावा. पुढे दोऱ्याची चाचणी: एका मागच्या ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. एक-दोन मिमीचा फरक चालतो. जास्त असेल तर मागचा भाग वाकलाय, पण पोलाद आहे म्हणून जाणकार कारागीर तो सरळ करू शकतो. ड्रॉपआउटमधलं 126 मिमी अंतर 130 करणंही तसंच शक्य आहे. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर यातलं काहीही करू नका, तडे जातात.

27 इंची चाकांच्या जागी किंचित लहान 700सी मापाची लावणार असाल तर रिम 4 मिमी आत सरकते. ब्रेकचे रबर तिथवर पोहोचतात का, हे रंगाआधी तपासा. पावडर कोटिंगला देताना बीबीचे आटे आणि हेड ट्यूबची दोन्ही तोंडं झाकून घ्यायला सांगा, नाहीतर कप बसवताना तोच रंग पुन्हा खरवडावा लागतो.