मुंग्यांचा पूटर: विषाणूच्या कामाला पुरतो का?

विषाणूंवर काम करणाऱ्यांना डास पकडायची शोषनळी नवी नसते. काचेची नळी, आत जाळी, मागे रबरी नळी आणि तोंडाने हलकेच ओढलेला श्वास. मुंग्यांचे अभ्यासक वापरतात तो पूटर तिचाच भाऊ, फक्त मध्ये बाटली असते: एका नळीने श्वास ओढला की दुसऱ्या तोटीतून मुंगी बाटलीत येते. त्यामुळे आठवडाभर प्रयोगशाळेत आरएनए (अनेक विषाणूंचा जनुकीय रेणू) काढणाऱ्या आणि रविवारी वारुळं शोधत हिंडणाऱ्या माणसाच्या हातात तो लगेच बसतो. पण मुंग्यांच्या जाती नोंदवायला उत्तम असलेला हा पूटर मुंग्यांमधले विषाणू शोधायला, जसा विकत मिळतो तसा, चालत नाही. दोन-तीन बदल केले की मात्र चांगला चालतो.

नेहमीच्या संचात 30 ते 50 मिलीची पारदर्शक बाटली, दोन भोकांचं रबरी बूच, साधारण 6 मिमीची तोटी आणि अर्ध्या मीटरची सिलिकॉन नळी येते. पहिली तपासणी जाळीची. ओढायच्या नळीच्या बाटलीतल्या टोकाला ती नुसती गोंदाने चिकटवलेली असेल, तर दमट हवेत सुटते आणि मुंगी थेट घशात. नायलॉनची बारीक जाळी दोऱ्याने किंवा उष्णतेने आवळणाऱ्या नळीने पक्की बांधून घ्यावी. मोनोमोरियम या बारीक मुंग्यांची कामकरी जेमतेम दोन मिलिमीटर लांब आणि त्याहून कितीतरी अरुंद असते, म्हणून चहाच्या गाळणीसारखी जाळी उपयोगाची नाही.

दुसरी अडचण श्वासाची. जाळी मुंगी अडवते. वारुळातली धूळ आणि बुरशीचे बीजाणू अडवत नाही. उपाय विषाणूवाल्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे: जैवसुरक्षा कपाटाच्या (जंतू हाताळायच्या संरक्षित कपाटाच्या) सक्शन लाइनवर पंप वाचवायला लावतात तो 50 मिमीचा, हवा जाऊ देणारा पण पाणी न धरणारा व्हेंट फिल्टर. तो नळीच्या मध्यावर बसवायचा. सिरिंजवरचा 25 मिमीचा फिल्टर लावून पाहू नये. त्याचं क्षेत्रफळ इतकं कमी असतं की माणसाला दम लागतो आणि मुंगी जागची हलत नाही. फिल्टर नवाच घ्यायचा. विषाणूच्या खोलीत वापरलेली कुठलीही वस्तू घरी किंवा रानात न्यायची नाही, ती धुतलेली असली तरी नाही.

फिल्टरलाही मर्यादा आहे. तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. कोकणात आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणारी ओंबील आणि आपले काळे मुंगळे फॉर्मिक आम्ल फवारतात. बाटलीत पंधरा-वीस ओंबिला कोंडल्या की या आम्लाची वाफ घशाला झोंबते आणि आतल्या मुंग्याही तिनेच मरतात. अशा मुंग्यांसाठी तोंड लावूच नये. रबरी फुग्याचा किंवा बॅटरीच्या पंखाचा पूटर घ्यावा. मोठ्या मुंगळ्यांचे पाय तोटीत अडकून तुटतात, त्यांना मऊ पात्याचा चिमटाच बरा.

आता विषाणूचा भाग, जिथे खरी कसोटी आहे. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये स्टीव्हन व्हॅलेस आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा या लाल आगमुंगीतल्या विषाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं: सुमारे 8,000 जनुकीय अक्षरांचा आरएनए विषाणू, आणि लागण झालेल्या मुंग्या बहुतेक वेळा वरून अगदी धडधाकट. म्हणजे आजारी वारूळ डोळ्यांनी निवडता येत नाही. अनेक वारुळांतून नमुने घ्यावे लागतात, आणि तिथेच एकच बाटली घेऊन फिरणं अंगाशी येतं. पहिल्या वारुळातली विष्ठा, तुटलेला पाय, काचेवर सांडलेला थेंब दुसऱ्या वारुळाच्या नमुन्यात जातो. आरटी-पीसीआर (आरएनएचा अगदी थोडा अंशही ओळखणारी चाचणी) इतकी संवेदनशील असते की तेवढ्यावर निरोगी वारूळही लागण झालेलं दिसतं.

म्हणून खरेदी करताना एकच गोष्ट आवर्जून पाहावी: बूच 50 मिलीच्या सेंट्रिफ्यूज ट्यूबच्या (प्रयोगशाळेतल्या झाकणाच्या प्लास्टिक नळीच्या) तोंडात घट्ट बसतं का. बसत असेल, तर प्रत्येक वारुळाला नवी ट्यूब लावता येते आणि धुवायला फक्त बूच आणि तोटी उरते. ती दहा टक्के ब्लीचमध्ये दहा मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळावी आणि पूर्ण वाळवावी. ब्लीचचा अंश राहिला तर नमुन्यातला आरएनए तोच खातो. पितळेची तोटी ब्लीचने खराब होते, काचेची किंवा चांगल्या स्टीलची घ्यावी. काही पूटरमध्ये बाटली आणि बूच एकमेकांशी जखडलेले असतात. तो या कामासाठी घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

पकडल्यावर घाई हवी. आतला दमटपणा ट्यूबच्या भिंतीवर दव होऊन बसतो आणि बारीक मुंग्या त्यात चिकटून मरतात. मेल्या की त्यांच्याच पेशींमधली एन्झाइम्स आरएनए तोडायला घेतात. ट्यूब उन्हात पाच मिनिटंही ठेवू नये. थर्माकोलच्या डब्यात बर्फावर, पण बर्फ आणि ट्यूब यांच्यामध्ये कापडाची घडी घालून, जिवंत आणणं सर्वांत चांगलं. त्याच संध्याकाळी उणे 80 अंशांना टाकाव्यात. ती सोय नसेल, तर आरएनए टिकवणारं द्रावण मुंग्यांच्या आकारमानाच्या किमान पाचपट घ्यावं आणि मुंगीचं पोट चिमट्याने वेगळं करून बुडवावं. तिचं कवच मेणकट असतं, अख्ख्या मुंगीत द्रावण लवकर शिरत नाही. रात्रभर 4 अंशांवर, मग उणे 20 ला.

वारुळामागे वीसेक कामकरी आरएनएसाठी पुरतात. आणखी पाच जणी 95 टक्के इथेनॉलमध्ये वेगळ्या ठेवाव्यात, जात ओळखायला. विषाणूवाले हे हमखास विसरतात: नमुना दळून झाल्यावर मुंगीची जात कुठल्याही सूक्ष्मदर्शकाखाली परत पाहता येत नाही. चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली. पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते.