जुन्या जनगणनेतून पूर्वज शोधायची पेड साइट: वर्षाचा प्लॅन घेऊ नका, महिन्याचा बास

सुनेचे पणजोबा पोलंडहून अमेरिकेत गेलेले आणि आडनाव कोवाल्स्की, घरात एवढंच माहीत. मी रिटायर्ड, वेळच वेळ, म्हणून तिकडच्या जुन्या जनगणनेची पानं दाखवणाऱ्या एका साइटला पैसे भरले.

स्कॅन एकदम भारी, कितीही झूम करा अक्षर फाटत नाही. १९५० पर्यंतचं आहे, त्यापुढचं कुठेच मिळणार नाही कारण तिकडे नावं ७२ वर्षं बंद ठेवतात, १९५० ची पानं २०२२ मध्ये उघडली. १८९० चं दिसेना म्हणून मी भांडायलाच निघालो होतो, पण ते बहुतेक सगळं १९२१ च्या आगीनंतर गेलंय, तिथे साइटचा काही दोष नाही.

माझं भांडण आहे ते "मिळतीजुळती आडनावं" या टिकशी. आत चालतं साउंडेक्स, म्हणजे पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, स्वर सोडायचे आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे करायचे. श्मिट आणि स्मिथ दोघांना एस५३० मिळतो, तिथपर्यंत ठीक. पण डब्ल्यूला आकडाच नाही आणि व्हीला १, त्यामुळे डब्ल्यूवाला कोवाल्स्की के४२० आणि व्हीवाला के१४२, उच्चार तोच पण मशीनच्या लेखी यांची ओळखसुद्धा नाही! आता पोलिश माणूस डब्ल्यू लिहितो आणि व म्हणतो, दारात उभा असलेला प्रगणक कानावर पडेल तेच लिहिणार ना. पूर्व युरोपातल्या नावांसाठी डेच-मोकोटॉफ नावाची वेगळी पद्धत १९८५ पासून आहे, ती यांच्याकडे नाही. पैसे घेताय तर द्या की राव.

दोन आठवडे डोकं आपटून शेवटी आडनावाचा रकाना रिकामाच सोडला. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, थोरल्याचं नाव आणि जन्मसाल दोन वर्षं मागेपुढे. १९२० मध्ये अख्खं घर हजर! आडनाव, रोवाल्स्की. इंडेक्स करणाऱ्याने के चा आर वाचला, आणि पहिलं अक्षरच चुकलं की साउंडेक्स जन्मात शोधून देणार नाही. खरं सांगायचं तर मूळ पान बघून मीपण आरच वाचला असता. चूक कळवायची सोय आहे, कळवली, तीन आठवडे झाले, अजून रोवाल्स्कीच.

अजून एक, जन्मदेशात पोलंड टाकू नका. १९१० ला तो देश नकाशावर नव्हताच, रशिया, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत वाटलेला होता, आमच्या माणसापुढे रशिया लिहिलंय. मी पोलंडचा फिल्टर लावून त्यांना स्वतःच लपवत बसलो होतो.

फॅमिलीसर्चवर नावांचा इंडेक्स फुकट चाळता येतो, फक्त अकाउंट काढावं लागतं, आधी तिथे हात साफ करा. नावांच्या चार-पाच स्पेलिंगची यादी कागदावर तयार झाली की मग इथे महिनाभर घ्या आणि आठवणीने ऑटो-रिन्यू बंद करा, ते बटण मुद्दाम लपवल्यासारखं आत कुठेतरी आहे.

साडेतीन स्टार. सुनेला पान पाठवलं तर तिचा रिप्लाय, बाबा, पणजीचं नाव घरात सांगतात ते हे नाहीच. म्हणजे बसा परत.