सात रस्त्याजवळचा वादविवाद क्लास: आमचा अनुभव

लेकीला मे महिन्यात सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका वादविवाद क्लासला घातलं होतं, सहा आठवडे, फी १८०० रुपये. कसाय कसाय म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच लिहितो.

आधी खटकलेलं. बॅचला ३५ पोरं, त्यामुळं एकेकाला आठवड्यातनं एकदाच उभं राहायचा चान्स. आणि सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, खाली दोन फॅन, दुपारच्या बॅचचे लई हाल होतात. कूलर पाहिजेच.

पण शिकवणं एक नंबर. शेवटच्या आठवड्यात पालकांना मागं बसायला देतात म्हणून मी कारखान्यातनं सुट्टी काढून गेलो. विषय होता अमेरिकेतला. ग्वांतानामोचा तुरुंग, म्हणजे क्युबातल्या लष्करी तळावर अमेरिकेनं दहशतवादाच्या संशयावरून धरलेली माणसं ठेवलेला, वर्षभरात बंद करायचा आदेश ओबामांनी जानेवारी २००९ मध्ये काढला, मग तिथल्या काही लोकांना अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यातल्या थॉमसन गावच्या जेलात आणायचं ठरलं, २००१ मध्ये बांधलेलं, १६०० कोठड्या, आणि जवळजवळ सगळं रिकामं. गावाला नोकऱ्या हव्या होत्या, विरोधक म्हणत होते असली माणसं आमच्या राज्यात नको. सरांनी दोन पोरींना तिथल्या संसदेच्या निवडणुकीतले उमेदवार केलं. एक पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, तिनं आधी "आणा" म्हणायचं आणि मतदान जवळ आल्यावर "नको" म्हणायचं, आणि माझ्या लेकीनं तिला उत्तर द्यायचं, तीन मिनिटात.

लेक उठली ती "तुम्ही पलटी मारली" म्हणूनच सुरू झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी घड्याळ थांबवलं, म्हणाले टाळ्या मिळाल्या बाळ, पण प्रश्न कुठाय? माणूस मत बदलू शकतो, का बदललं ते विचार. आणि सारखं कैदी कैदी म्हणू नको, त्यातल्या बहुतेकांवर खटलाच चालला नाही, स्थानबद्ध म्हण.

दुसऱ्यांदा ती सावकाश बोलली. "तेव्हा जेल रिकामं होतं, आजही रिकामंय. भिंती त्याच, कुलपं तीच. मग सहा महिन्यात धोका कुठनं वाढला? आणि इथं नको तर त्यांना कुठं ठेवायचं, किती दिवस, खटल्याशिवाय?" समोरच्या पोरीनं कागद खाली ठेवला, पदराशी चाळा केल्यासारखं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, मग म्हणाली, "लोक घाबरलेत, म्हणून." सर म्हणाले हे खरं उत्तर, आता इथनं पुढं वाद सुरू होतो. मला त्या पोरीचंही तेवढंच कौतुक वाटलं.

नंतर सरांनी पुढचंही सांगितलं, तिथल्या संसदेनं पैसाच अडवला, २०१२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं ते जेल विकत घेतलं पण ग्वांतानामोचा एकही माणूस तिथं आला नाही. मग विचारलं, आपला कचरा डेपो कुणाच्या दारात चालेल? हॉल गप्प.

घरी आता लेक माझं बोलणं मधेच तोडत नाही, "पप्पा, आधी वेगळं म्हणाला होता, काय बदललं?" एवढंच विचारते. मला ते आवडतं.

घालणार असाल तर सकाळची ७ ची बॅच मागून घ्या.